मानवप्रदर्शने

मानवप्रदर्शने : दूरच्या मुलखांतील, विशेषतः वसाहतींतील, लोकांना आणून प्रवेशशुल्क आकारून प्रेक्षकांपुढे मांडण्याची यूरोप व अमेरिकेतील प्रथा. सु. १८७५ ते १९३५ हा या प्रथेच्या भरभराटीचा काळ होय. ही प्रदर्शने प्राणिसंग्रहालये, जागतिक प्रदर्शने, सर्कशी, उद्याने व नाट्यगृहे यांतून भरत. जर्मन भाषेत त्यांना ‘फोल्करशाऊ’ म्हणजे लोकसमूहांचे प्रदर्शन असे नाव होते. ‘मानवी प्राणिसंग्रहालय’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची असून २००२ मध्ये काही फ्रेंच इतिहासकारांनी त्याच शीर्षकाचा लेखसंग्रह प्रसिद्ध केल्यानंतर ती विशेष रूढ झाली. ती लक्षवेधक आहे. परंतु तिच्यामुळे ही सर्व माणसे गजांआड कोंडलेली असत, असा समज होतो. प्रत्यक्षात गज क्वचितच असत. बहुतेकांजवळ करारपत्र असे, वेतन ठरलेले असे आणि तरीही त्यांना तेथून निघून जाता येत नसे. या प्रथेविषयीचा नैतिक प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो.

परक्या वा विलक्षण देहाच्या माणसांना कुतूहलाची वस्तू म्हणून बाळगण्याची चाल यापेक्षा जुनी आहे. मेक्सिकोचा ॲझटेक सम्राट माँतेसूमा याच्या पशुपक्षिसंग्रहाबरोबर ठेंगू व विकलांग माणसेही ठेवलेली असत, असे स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवले आहे. कोलंबसाने १४९३ मध्ये कॅरिबियन बेटांवरील काही लोक स्पेनच्या दरबारात नेले. पण ते दरबारी कौतुक होते. तिकीट काढून कोणालाही पाहता येईल असा व्यवसाय आणि त्याला शास्त्राचे पाठबळ, या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातील आहेत.

सारा बार्टमान : (सु. १७८९–१८१५). दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील या खोयखोय स्त्रीला १८१० मध्ये लंडनला आणण्यात आले. तिच्या देहाच्या ठेवणीचे भांडवल करून पिकॅडिली भागात तिचे प्रदर्शन मांडले गेले. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्येच निषिद्ध ठरविलेला असल्यामुळे गुलामगिरीविरोधी मंडळींनी त्याच वर्षी न्यायालयात धाव घेतली. साराची जबानी डच भाषेतून घेण्यात आली. आपण स्वेच्छेने आलो असून मिळकतीत आपला वाटा आहे, असे तिने सांगितले व दावा निकालात निघाला. न्यायालयाच्या दृष्टीने संमतीचा प्रश्न तेथे संपला. मायदेशापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या आणि ज्यांनी आणले त्यांच्यावाचून अन्न, निवारा वा परतीचा मार्ग नसलेल्या व्यक्तीने दिलेल्या होकाराचे मोल किती, हे त्या निकालात तपासले गेले नाही.

पुढे ती पॅरिसला नेली गेली. तेथे १८१५ मध्ये विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्ह्ये याने तिची पाहणी केली आणि वर्षअखेरीस ती मरण पावल्यावर त्यानेच शवविच्छेदन केले. तिचा सांगाडा व देहाचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० नंतरच्या दशकापर्यंत लोकांना पाहता येत होता. म्हणजे मृत्यूनंतरचे तिचे प्रदर्शन जिवंतपणीच्या प्रदर्शनाहून दीडशे वर्षांनी लांबले. नेल्सन मंडेला यांनी १९९४ मध्ये अवशेषांची मागणी केली. त्यासाठी फ्रान्सला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी ईस्टर्न केप प्रांतातील हँकी या गावी तिचे दफन झाले.

हागेनबेक व प्रदर्शनांचा व्यवसाय : या प्रथेला संघटित धंद्याचे रूप दिले ते हँबर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक (१८४४–१९१३) याने. रानटी जनावरांच्या व्यापारात मंदी आली असता हाइन्रिख लॉइटेमान या चित्रकार मित्राने त्याला सुचविले, की उत्तरेकडून रेनडिअर आणायचेच आहेत, तर त्यांना पाळणारे सामी (लॅप) लोकही आणावेत. त्याप्रमाणे १८७५ मध्ये सहा सामी लोक आपल्या तंबू-घसरगाड्यांसह हँबर्गला आले. त्यांनी करावयाचे ते इतकेच, की तंबू उभारावा व मोडावा, रेनडिअर हाकावे, मुलाला पाजावे. लोकांची झुंबड उडाली. पाठोपाठ न्यूबियन, ग्रीनलंडचे इन्युइट, सिंहली असे समूह येत गेले. पॅरिसच्या ‘झार्दां दाक्लिमातासियों’ या प्राणि-वनस्पती उद्यानाने १८७७ मध्ये हीच युक्ती उचलली, तेव्हा तेथील प्रेक्षकांची वार्षिक संख्या दुपटीने वाढून दहा लाखांच्या घरात गेली.

प्रेक्षकांना ‘नैसर्गिक’ जीवन पाहावयाचे असे, आणि ते तयार करावे लागे. यूरोपीय कपडे वापरणाऱ्यांना ते उतरवावे लागत. वर्षाकाठी एकदा होणारे विधी दिवसातून अनेक वेळा करून दाखवावे लागत. ‘रानटी’ माणूस अशा रीतीने बव्हंशी प्रदर्शनाच्या कुंपणातच घडविला जाई.

लॅब्राडॉरचे आठ जण : हागेनबेकने भरविलेल्या प्रदर्शनांपैकी एकाचा वृत्तांत पाहणाऱ्याने नव्हे, तर ज्याला पाहिले गेले त्याने लिहून ठेवला आहे, म्हणून त्याचे महत्त्व फार. योहान आड्रियन याकोबसेन या नॉर्वेजियन हस्तकाने १८८० मध्ये कॅनडातील लॅब्राडॉर किनाऱ्यावरून दोन कुटुंबांतील आठ इन्युइट आणले. त्यांपैकी हेब्रन येथील अब्राहम उलरिकाब हा मोरेव्हियन मिशनचा ख्रिस्ती, लिहितावाचता येणारा आणि व्हायोलिन वाजविणारा गृहस्थ होता. मिशनऱ्यांनी त्याला परोपरीने अडविले. परंतु कर्ज फेडण्याची निकड आणि यूरोप पाहण्याची उत्सुकता यांमुळे तो पत्नी उलरिके, दोन लहान मुली व टोबियास नावाचा तरुण यांसह निघाला. दुसरे कुटुंब ख्रिस्ती न झालेल्यांचे होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने अस्सल ‘एस्किमो’ तेच.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात अब्राहमने आपल्या भाषेत रोजनिशी लिहिली. गर्दी झोपडीत घुसू लागली, की आपण चाबूक घेऊन तिला पिटाळीत असू, असे तो नोंदवितो. थंड मुलखातून आलेल्या त्याला बर्लिनची हवा, गोंगाट आणि अखंड पाहणारे डोळे असह्य झाले होते. घरी परतण्याची ओढ पानोपानी दिसते. प्रसिद्ध विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो याने या मंडळींची मापे घेतली. त्या वेळी दुसऱ्या कुटुंबातील पाइंगू ही स्त्री भीतीने बेभान झाली. फिरखोने त्यातून तिच्या जमातीच्या मनोवृत्तीविषयी निष्कर्ष काढावयाचे ठरविले. अनोळखी पुरुष आपल्या अंगाला फूटपट्टी लावत असता कोणतीही स्त्री घाबरेल, हा साधा पर्याय त्याला सुचला नसावा.

जर्मनीत देवीची लस सक्तीची करणारा कायदा १८७४ मध्येच झाला होता; पण या आठ जणांना आल्यावर लस टोचण्याचे राहून गेले. डिसेंबर १८८० मध्ये डार्मश्टाट येथे पाइंगूची तरुण मुलगी दगावली. क्रेफेल्ट येथे पाइंगू आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी अब्राहमची तान्हेपण सरलेली मुलगी सारा यांचा मृत्यू झाला. उरलेल्या पाच जणांना पॅरिसमध्ये लस टोचण्यात आली, तेव्हा वेळ टळून गेली होती. जानेवारी १८८१ च्या मध्यापर्यंत आठांपैकी एकही उरला नाही. रोजनिशी मिशनकडे पोहोचली व तिचे जर्मन भाषांतर झाले. मूळ हस्तलिखित नष्ट झाले. हे भाषांतर १९८० मध्ये अमेरिकेतील मोरेव्हियन दप्तरखान्यात सापडले. पॅरिसमध्ये निधन पावलेल्यांचे सांगाडे तेथील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले.

या घटनेने धंदा थांबला नाही. त्याच वर्षी तिएर्रा देल फ्वेगो प्रदेशातील अकरा कावेस्कार लोक पॅरिस व बर्लिन येथे दाखविण्यात आले. त्यांच्याजवळ तर करारही नव्हता. ते पळवून आणलेले होते. त्यांतील पाच जणांचे अवशेष झुरिक विद्यापीठाने २०१० मध्ये चिलीला परत केले.

जागतिक प्रदर्शने : औद्योगिक प्रदर्शनांतून वसाहतींची ‘खेडी’ उभारण्याची पद्धत रुळल्यावर खासगी धंद्याला राज्यसत्तेची जोड मिळाली. आयफेल मनोऱ्यासाठी स्मरणात राहिलेल्या १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात वसाहतींतील सु. ४०० लोक होते. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८९७ मध्ये ब्रूसेल्सजवळच्या तेर्वूरेन येथे २६७ काँगोवासीयांना आणून तळ्याकाठी खेडी वसविली. त्या वर्षीचा उन्हाळा थंड व पावसाळी होता. सात जण मरण पावले. त्यांच्या कबरी तेर्वूरेनच्या चर्चपाशी आहेत. अमेरिकेने फिलिपीन्स नुकतेच जिंकले होते, तेव्हा १९०४ च्या सेंट लूइस प्रदर्शनात सु. ४७ एकरांवर हजाराहून अधिक फिलिपिनोंची वसाहत मांडण्यात आली. प्रेक्षकांना त्यांतील इगोरोट लोकांच्या कुत्र्याचे मांस खाण्याचेच अधिक कौतुक होते. जिंकलेल्या प्रजेची ‘मागास’ अवस्था डोळ्यांनी दाखविली, की तिच्यावर राज्य करण्याचे वेगळे समर्थन द्यावे लागत नसे.

ओटा बेंगा : (सु. १८८३–१९१६). सेंट लूइसच्या प्रदर्शनासाठी सॅम्युएल व्हर्नर याने काँगोतून जे लोक आणले त्यांत हा म्बुटी तरुण होता. व्हर्नरच्या सांगण्यानुसार त्याने त्याला गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून मीठ व कापड देऊन सोडविले. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने त्याला वानरगृहातील पिंजऱ्यात, एका ओरँगउटानसह, लोकांपुढे ठेवले. पिंजऱ्यावर पाटी होती. तीत त्याची उंची ४ फूट ११ इंच, वजन १०३ पौंड, आणणाऱ्याचे नाव आणि दररोज दुपारी प्रदर्शन असल्याची सूचना होती. एका रविवारी सु. ४०,००० लोक आल्याचे तत्कालीन वृत्तपत्रांनी छापले.

संग्रहालयाचा संचालक विल्यम हॉर्नडे (१८५४–१९३७) हा जत्रेतील खेळवाला नव्हता. अमेरिकेतील गव्याची म्हणजे बायसनची जात नामशेष होण्यापासून वाचविणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. गव्याच्या रक्षणासाठी झटणाऱ्या मनुष्याला माणूस पिंजऱ्यात ठेवण्यात काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट त्याच्या व्यक्तिगत दुष्टपणाने उलगडत नाही. मानववंशांची उतरंड लावून त्यांतील काहींना वानराजवळची पायरी देणारे तत्कालीन वंशशास्त्र हेच तिचे स्पष्टीकरण होय. कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांनी जेम्स गॉर्डन यांच्या नेतृत्वाखाली याला कसून विरोध केला. त्यांच्या आक्षेपात उत्क्रांतिवादाविषयीचा धार्मिक रागही मिसळलेला होता, परंतु माणसाच्या अवमानाचा मुद्दा त्यांनी निःसंदिग्धपणे मांडला. महापौरांनी त्यांना भेटही नाकारली. बेंगा हा कैदी नसून प्राण्यांची देखभाल करणारा नोकर आहे, अशी संग्रहालयाची सबब होती.

महिनाअखेरीस त्याची ब्रुकलिनमधील अनाथाश्रमात रवानगी झाली. पुढे व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे त्याने तंबाखूच्या कारखान्यात काम केले. पहिल्या महायुद्धामुळे मायदेशी परतण्याची आशा मावळली व मार्च १९१६ मध्ये त्याने गोळी झाडून घेतली. संग्रहालय चालविणाऱ्या संस्थेने या प्रकाराबद्दल २०२० मध्ये जाहीर क्षमा मागितली.

ऱ्हास : चित्रपटाने दूरच्या मुलखांचे कुतूहल स्वस्तात भागविण्यास सुरुवात केल्यावर या प्रदर्शनांचा ओढा कमी झाला. नैतिक जागृतीचा वाटा त्यामानाने उशिराचा. १९३१ मध्ये पॅरिसला भव्य वसाहत-प्रदर्शन भरले असता न्यू कॅलेडोनियातील शंभराहून अधिक कनाक लोकांना झार्दां दाक्लिमातासियोंमध्ये ‘नरभक्षक’ म्हणून दाखविण्यात आले. त्यांत शिकलेले, चर्चला जाणारे लोक होते; नाचगाण्यासाठी नेतो म्हणून त्यांना आणले होते. त्यांपैकी काहींना जर्मनीत पाठवून बदल्यात मगरी घेण्यात आल्या. फ्रान्सने १९९८ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, त्या संघातील क्रिस्तियां कारांबो याचा एक पूर्वज या समूहात होता. अतियथार्थवादी लेखक-कलावंतांनी त्याच वर्षी साम्यवाद्यांच्या साहाय्याने वसाहतवादविरोधी प्रतिप्रदर्शन मांडले. त्याला मुख्य प्रदर्शनाच्या मानाने अगदी थोडे लोक आले. यूरोपातील यांपैकी शेवटच्या प्रदर्शनांत १९५८ च्या ब्रूसेल्स प्रदर्शनातील काँगोच्या खेड्याचा समावेश होतो. प्रेक्षक कुंपणावरून केळी व नाणी फेकू लागले, तेव्हा तेथील कारागिरांनी संतापून काम टाकले व ते जुलैमध्येच मायदेशी परतले. दोन वर्षांनी काँगो स्वतंत्र झाला.

भारतीय संदर्भ : भारतीय माणसेही या दृष्टीच्या कक्षेत आली. डॉ. फ्रेडरिक मौआट यांच्या १८५७-५८ मधील अंदमान मोहिमेने एक अंदमानी तरुण पकडून कलकत्त्यास आणला. ‘जॅक’ असे नाव देऊन, कपडे चढवून व उतरवून त्याची छायाचित्रे घेतली गेली व त्याला पाहण्यास गर्दी लोटली. तो आजारी पडल्यावर त्याला बेटावर परत सोडण्यात आले. जगातील नाना वंशांचे जिवंत प्रतिनिधी कलकत्त्यात एकत्र मांडावेत, अशी एक योजना १८६६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीत चर्चिली गेली. ती पार पडली नाही. तिचेच एक छोटे रूप १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनात दिसते. मध्य प्रांतातील आदिवासींना तेथे आणून एका समितीने त्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १८६८ मध्ये नागपूर येथे छापला गेला. त्याच्या लांबलचक शीर्षकात या लोकांचा उल्लेख ‘नमुने’ असा आहे. खनिजांच्या व धान्याच्या नमुन्यांसाठी योजला जाणारा तो शब्द येथे जराही न अडखळता माणसांना लावलेला आढळतो.

लंडनमधील एका व्यापारी पेढीने १८८५ च्या हिवाळ्यात बॅटरसी उद्यानात ‘भारतीय खेडे’ वसविले. विणकर, कारागीर, नर्तकी, गारुडी असे चाळीसहून अधिक लोक थंडीत कुडकुडले. कराराप्रमाणे वागविले जात नसल्याच्या त्यांच्या तक्रारी होत्या आणि खेळही तोट्यात गेला. पुढील वर्षीच्या ‘कलोनियल अँड इंडियन’ प्रदर्शनातील ‘एतद्देशीय कारागीर’ मात्र अतिशय गाजले. राजप्रासादाच्या चौकात बसून गालिचे विणणारे, मडकी घडविणारे हे ३४ जण पिढीजात कसबी म्हणून प्रेक्षकांपुढे आले. प्रत्यक्षात त्यांना आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते आणि त्यांतील अनेकांना ही कारागिरी तुरुंगातच शिकविली गेली होती. राणी व्हिक्टोरियाने रूडोल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची व्यक्तिचित्रे काढविली. याच प्रदर्शनासाठी सरकारी अधिकारी म्हणून गेलेले त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी आपल्या प्रवासवृत्तात, आपल्यासारख्या सुशिक्षितांकडेही लोक कसे टक लावून पाहत, याचे खेळकर वर्णन केले आहे. पाहणाऱ्यांना परत न्याहाळण्याची ही संधी ज्यांना लेखणी होती त्यांनाच मिळाली.

बंदिवासाचा नैतिक विचार : मानवप्रदर्शनांचे समर्थक तीन गोष्टी पुढे करीत : लोकशिक्षण, शास्त्राची प्रगती आणि प्रदर्शितांची संमती. पहिल्या दोहोंचा निकाल इतिहासानेच लावला आहे. या प्रदर्शनांतून जमविलेल्या मापांवर उभारलेले वंशशास्त्र कोसळले. हैतीचे आंतेनॉर फिरमँ यांनी मानववंशांच्या समतेवरील आपल्या ग्रंथात १८८५ मध्येच त्याचा पाया पोकळ असल्याचे दाखविले होते, पण त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. संमतीचा प्रश्न अधिक बिकट आहे. काही जण पुन्हापुन्हा या दौऱ्यांवर गेले, त्यांनी पैसा गाठीस बांधला, वेतनासाठी भांडले. सर्वांनाच निव्वळ बळी मानणे म्हणजे त्यांचे शहाणपण दुसऱ्यांदा नाकारणे होय. तथापि संमती ही केवळ आरंभी दिली म्हणून पुरी होत नाही, ती मागे घेता आली पाहिजे. अब्राहमने करार समजून-उमजून केला होता. बर्लिनमध्ये त्याला तो मोडावासा वाटला, तेव्हा परतीचे जहाज त्याच्या हाती नव्हते.

हागेनबेकच्याच चरित्रातील एक गोष्ट येथे बोलकी आहे. हँबर्गजवळ श्टेलिंगेन येथे १९०७ मध्ये त्याने गजांविना प्राणिसंग्रहालय उघडले. प्राणी व प्रेक्षक यांच्यामध्ये न दिसणारे खंदक ठेवण्याची त्याची रचना पुढे जगभर अनुकरली गेली. तिने प्राण्यांना काहीशी ऐसपैस जागा दिली, हे खरे. त्याचबरोबर कोंडलेल्या जिवाकडे पाहताना प्रेक्षकाला होणारी टोचणीही काढून टाकली. मानवी खेड्यांचे आवार याच तत्त्वावर रचलेले होते. [→ प्राणिसंग्रहालय].

प्राण्यांच्या बंदिवासाविषयी टॉम रेगन व डेल जेमिसन या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात मूलभूत आक्षेप घेतले. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील ‘हॅपी’ नावाच्या आशियाई हत्तिणीस बंदीप्रत्यक्षीकरणाचा अधिकार मिळावा, हा अर्ज न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. ओटा बेंगाचे उदाहरण अशा वादांत दिले जाते, पण ते जपून द्यावे लागते. ज्या समाजाला पशूंच्या पंक्तीला बसवून हिणवले गेले, त्याच्या दुःखाची पशूंच्या दुःखाशी तुलना, हेतू चांगला असला तरी, त्या समाजाला डिवचणारी ठरते. जर्मनीतील आउक्सबुर्ग प्राणिसंग्रहालयाने २००५ मध्ये आपल्या आवारात ‘आफ्रिकन खेडे’ या नावाने हस्तव्यवसायांची जत्रा भरविली, तेव्हा आयोजकांना या नाव-जागेच्या जोडीत काही खटकले नाही. निषेध मात्र देशोदेशींहून झाला.

पैसे मोजून माणसे पाहण्याची प्रवृत्ती पर्यटनातून नव्याने डोके काढते. अंदमान महामार्ग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. पर्यटकांच्या करमणुकीसाठी जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये उघडकीस आली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये या मार्गावरून पर्यटकांच्या वाहतुकीस अंतरिम मनाई केली. मार्चमध्ये ती उठली आणि वाहनांचे ताफे पुन्हा त्याच रस्त्याने जाऊ लागले. या प्रवासात गाडी थांबविण्यास, छायाचित्रे घेण्यास व जारवांना खाद्यपदार्थ देण्यास मनाई आहे. खिडकीतून पाहण्यास नाही.